पूजेतली सुरी

साहेब, तुम्ही आधी पोरगा धरलात आणि मग त्याच्या हातात बसेल अशी सुरी शोधलीत. कागदावर मात्र उलटं लिहिलंत. कागद तुमचा, शिक्का तुमचा, खाली सही करणारा माणूसही तुमच्याच मुठीतला. काय वाटेल ते लिहा. पण ज्या सुरीवर तुम्ही केस उभी केलीत, ती त्या संध्याकाळी कुठं होती हे तुमच्याच माणसानं समईच्या उजेडात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ती हकीकत तुमच्या फायलीत नाही. म्हणून इथं ऐका.

तंजावुरात पश्चिम राजवीथीच्या मागं एक बोळ आहे. समोरून गाय आली तर सायकलवाल्यानं उतरून भिंतीला चिकटायचं, एवढा रुंद. त्या बोळात सांबशिवरावांचं बुकबाइंडिंगचं दुकान. पुढं दुकान, मागं घर. मराठा राजांच्या काळात कधीतरी आलेलं घराणं. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ, आणि एकोणीस वर्षांचा मुलगा मुरलीकृष्ण तर घरातही तमिळच. बाप मराठीत विचारी, पोरगा तमिळमधे उत्तर देई, दोघांचं बरं चाललं होतं.

तालुका कचेरीची रजिस्टरं, कॉलेजच्या पोरांचे प्रबंध, वकिलांचे ठोकळे, सगळ्यांना पाठ आणि पुठ्ठा सांबशिवराव द्यायचे. तुमच्या ठाण्याच्या डायऱ्यासुद्धा, साहेब. पंचवीस वर्षं बांधल्या, पण एकीचंही पान वाचलं नाही. पानांचे आकडे तेवढे मोजायचे, ओळींवर नजर टाकायची नाही. दुसऱ्याच्या कागदात डोकावायचं नाही हा त्यांच्या वडिलांचा दंडक होता आणि तो त्यांनी देवासारखा पाळला.

त्यांची कागद कापायची सुरी बोळात सगळ्यांना ठाऊक. ओरत्तनाडुच्या लोहारानं घडवलेली, वीत-सव्वा वीत पात्याची. मुठीवर बाइंडिंगचं कापड गुंडाळलेलं, म्हणजे घामानं हात सरकत नाही. दर वर्षी सरस्वतीपूजेच्या सकाळी सांबशिवराव जुनं मळकं कापड सोडायचे, नवं पांढरंशुभ्र गुंडाळायचे, पात्याला चंदन लावायचे आणि दाभण, हाडाची पट्टी, सुरी अशी सगळी हत्यारं पुस्तकांच्या चवडीपुढं मांडायचे. एकदा मांडली की दुसऱ्या दिवशी विजयादशमीची पुनर्पूजा होईपर्यंत त्यांना हात नाही. मग सकाळी पातं पुसायचं, एक कोरा कागद कापायचा आणि वर्षाचं काम सुरू. बोळातला शिंपी, समोरचा सायकल दुरुस्तीवाला, सगळे हेच करतात. तुमच्या ठाण्यातही बंदुकांना टिळे लागतात आणि जीपला केळीचे खांब बांधतात. ते काही गुपित नाही.

शहाण्णव साल होतं. बोळात तीन घरांत केबल आली होती, आणि कोपऱ्यावर भीमसेनचा पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ नवा नवा झाला होता. सरस्वतीपूजेच्या संध्याकाळी सांबशिवरावांच्या बायकोनं, कमलाक्षीनं, नेहमीप्रमाणे सात पायऱ्यांवर बाहुल्यांचा कोलू मांडला होता आणि बोळातल्या बायका हळदीकुंकवाला आल्या होत्या. चण्यांच्या सुंडलाचे द्रोण फिरत होते. पलीकडच्या घरातली अलमेलु पूजेच्या अगदी शेजारी बसली होती, कारण तिची पाठ दुखायची आणि टेकायला भिंत तेवढी तिथंच होती.

"अलमेलु, गा की काहीतरी," कमलाक्षी म्हणाली.

"गाते, पण आधी तुझ्या त्या विष्णूच्या बाहुलीचं तोंड इकडं कर. माझ्याकडं पाठ करून बसलाय, जावयासारखा."

बायका हसल्या. तिनं गाणं सुरू केलं. दुसरं कडवं चालू असताना, साडेसातच्या सुमारास, दारात कुणीतरी ओरडलं, "अलमेलु अक्का, धावा! राजगोपालला भोसकलं! टॉकीजच्या सायकल स्टँडवर!"

राजगोपाल तिचा एकुलता एक. ती उठली ती कशी उठली तिलाच कळलं नाही. हात आपटला तो कुंकवाच्या करंड्यावर, करंडा उलटा झाला आणि कुंकू सगळं पूजेत सांडलं. पुस्तकांवर, दाभणावर, सुरीच्या पांढऱ्या मुठीवर. ती अनवाणीच पळाली. मागोमाग सगळ्या बायका. कमलाक्षीनं सांडलेलं पाहिलं, पण पूजेत हात घालायचा नसतो म्हणून तसंच राहू दिलं.

मुरली आठ वाजता घरी आला. देवळाच्या हिरवळीवर एकटाच बसलो होतो म्हणाला. एकटा बसलेल्या माणसाला साक्षीदार नसतो, हे त्या पोराला त्या दिवशी कळलं. कारण दहा दिवसांपूर्वी राजगोपालनं त्याची सायकल नेली होती आणि चाक वाकवून आणून दिली होती, आणि नाल्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसलेल्या आठ-दहा पोरांदेखत मुरली म्हणाला होता, "थांब, तुला बघून घेतो." एवढं वाक्य तुमच्यापर्यंत पोचायला तासही लागला नाही.

साडेआठला तुमचे एसआय, म्हणजे ठाण्याचे फौजदार, आले. कपाळावर चंदन, जीपच्या नाकाला झेंडूची माळ. आल्या आल्या मुरलीची कॉलर धरली, दोन कानाखाली दिल्या आणि मग सांबशिवरावांना विचारलं, "मास्टर, तुमची सुरी कुठं आहे?"

"पूजेत, सार. ही काय."

सांबशिवरावांनी समई उचलून धरली. एसआय उंबऱ्यात उभे राहिले. बूट घालून आत यायचं त्यांनाही जिवावर आलं. त्यांनी वाकून पाहिलं. पुस्तकं, फुलं, चंदन, सांडलेलं कुंकू आणि त्यात सुरी.

"द्या इकडं."

आता इथं सांबशिवरावांनी जे केलं ते शहाण्या माणसानं केलं नसतं. पण ते आपल्या धर्माला धरून वागले. ते म्हणाले, "सार, उद्या पुनर्पूजा झाल्याशिवाय उचलता येणार नाही. सकाळी सातला या, मी स्वतः देतो. कुठं पळून जाणार आहे ती?"

एसआयनी कपाळाच्या चंदनाला बोट लावलं, क्षणभर विचार केला. "बरं. सकाळी," म्हणाले, आणि पोराला घेऊन गेले. साहेब, तुमचा माणूसही भाविक होता. तो तसा नसता तर सुरी तेव्हाच जप्त झाली असती, कुंकवासकट, चंदनासकट, आणि जो माणूस पूजा ओळखतो त्याला एका नजरेत कळलं असतं की ही सकाळपासून हललेली नाही.

सांबशिवरावांचा रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी सहाला त्यांनी आंघोळ केली, पुनर्पूजा केली, आणि हात सवयीनं चालले. सुरी उचलली, पात्यावरचं वाळलेलं चंदन ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसलं, एक कोरा कागद कापला. मुठीवरचं कुंकू मात्र राहू दिलं. देवीचं आहे, असू दे म्हणाले. कमलाक्षी दारात उभी होती. ती एकदम म्हणाली, "अहो, पुसलीत?"

"म्हणजे?"

"ते चंदन होतं की साक्षीला."

सांबशिवराव हातातल्या चकचकीत पात्याकडं बघत राहिले. सात वाजता एसआय आले, सुरी वर्तमानपत्रात गुंडाळली, घेऊन गेले. पावती नाही, पंचनामा नाही.

तिसऱ्या दिवशी पेपरात आलं: आरोपीनं स्वतः पोलिसांना नव्या कालव्याच्या काठी नेलं आणि झुडपातून सुरी काढून दिली. पातं धुतलेलं, मुठीवर रक्तासारखे डाग. पंच म्हणून भीमसेनचं नाव.

मधल्या दिवसांत गावानं काय केलं तेही ऐका. त्रिचीहून पोलिसांचा माग काढणारा कुत्रा आला. सायकल स्टँड हुंगून तो सरळ पळत सुटला, मागं तीनशे माणसं, आणि जाऊन बसला तो मटणाच्या दुकानापुढं. दोन दिवस गाव त्यावरच हसत होतं. मग तुम्ही मोरीच्या कठड्यावरची सगळी पोरं ठाण्यात नेली आणि न्हावी बसवून त्यांचे केस कापलेत. आया रडल्या, बाप म्हणाले बरं झालं. शहाळीवाल्याकडून कोयता घेतलात, तो बिचारा विचारत होता, "सार, मग नारळ काय दातांनी सोलू?" शाळेत सभा झाली. एक निवृत्त हेडमास्तर अर्धा तास बोलले की हे सगळं केबलमुळं, सिनेमामुळं, परदेशी वाऱ्यामुळं. टाळ्या पडल्या. चहाच्या टपरीवर तर निकालच लागला होता.

"बाइंडरचा पोरगा? गप्प असतो तोच खरा."

"घरात एवढी मोठी सुरी ठेवतात कशाला म्हणतो मी?"

हे म्हणणाऱ्याच्या दोन्ही पोरींचे प्रबंध त्याच सुरीनं कापलेले होते.

आणि बायका? कोलूला आलेल्या अकरा बायका होत्या. अलमेलु हॉस्पिटलात होती, बाकी प्रत्येकीच्या दारात कमलाक्षी गेली. "तुम्ही बसला होतात, सुरी पूजेत पाहिलीत की नाही?" सीतालक्ष्मी म्हणाली, मी तर बाहुल्या बघत होते. जयलक्ष्मी, भीमसेनची बायको, म्हणाली, मला चष्म्याशिवाय दिसत नाही. एकीनं तर दार उघडलंच नाही, आतून म्हणाली, "झोपलेत सगळे." सकाळचे दहा वाजले होते.

सांबशिवराव भीमसेनकडं गेले. बूथच्या काचेआड तो नंबर फिरवत असल्यासारखं करत होता.

"भीमसेना, तू कालव्यावर कधी गेलास?"

"नाही गेलो," तो हळूच म्हणाला. "कागद इथंच आणला त्यांनी. टाइप केलेला. सही करा म्हणाले."

"आणि केलीस."

"सांबशिवराव, बूथ रात्री अकरापर्यंत चालतो. ठाण्याची मेहेरबानी नसेल तर नवाला शटर खाली. तुमच्याजागी मी असतो तर..."

"माझ्याजागी तू नाहीस. माझा पोरगा तुरुंगात आहे."

भीमसेननं मान खाली घातली. त्याच्या मागं मीटर टिकटिक करत होता, आत कुणीतरी मुंबईच्या भावाशी बोलत होतं.

एकच बाई उरली होती. तिच्याकडं जायचं सांबशिवरावांना धाडस होत नव्हतं. जिच्या पोराच्या पाठीत बत्तीस टाके पडलेत, तिला कुठल्या तोंडानं सांगायचं की माझ्या पोरासाठी बोल? दोन दिवस ते हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत जाऊन परत आले. घटनेनंतर सहाव्या दिवशी आत गेले.

अलमेलु वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसली होती. केस तसेच, साडी परवाची. तिनं त्यांना पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"तुमचं तोंड बघायचं नाही मला."

"नका बघू. राजगोपाल कसा आहे?"

"जिवंत आहे. आज पोलिस आले, विचारून गेले. सहा दिवसांनी! त्याला दिसलंच नाही कोणी. मागून मारलं. एवढंच सांगितलं त्यानं. ते म्हणाले, ठीक आहे, आरोपी सापडलाय, सुरीसकट. लिहूनसुद्धा घेतलं नाही." तिनं विस्कटलेले केस मागं सारले. "तुमच्या पोराला काय कमी केलं होतं हो मी? माझ्या हातचं खाऊन मोठा झाला."

सांबशिवराव खाली फरशीकडं बघत उभे राहिले. मग तिनंच विचारलं, "कुठं मिळाली म्हणे सुरी?"

"कालव्याच्या झुडपात."

"कुठली सुरी?"

"माझीच. कागद कापायची. मुठीवर लाल डाग आहेत म्हणतात."

अलमेलुनं पहिल्यांदा त्यांच्याकडं नीट पाहिलं. वॉर्डातून कुणाच्या तरी खोकल्याचा आवाज आला. ती म्हणाली, "मी त्याच्यावर कुंकू सांडलं होतं की."

"हो."

"मी तिथंच बसले होते. भिंतीला टेकून. माझ्या गुडघ्याजवळ होती ती." तिचा आवाज एकदम चढला. "माझ्या गुडघ्याजवळ असताना माझ्या पोराच्या पाठीत कशी गेली?"

परिचारिका बाहेर डोकावली. अलमेलुनं तिला हातानंच आत जा म्हटलं.

"अक्का," सांबशिवराव म्हणाले, "मी सकाळी पातं पुसलं. नसतं पुसलं तर..."

"तुम्ही काय मुद्दाम पुसलंत? पूजा होती," ती म्हणाली. मग पदरानं डोळे पुसले आणि उठली. "सहा दिवस मी तुमच्या पोराला शिव्याशाप देत बसले. ज्यानं मारलं तो तिकडं पान खात फिरत असेल. चला."

"कुठं?"

"ज्यानं लिहिलं त्याच्याकडं."

त्या दिवशी तुम्ही भेटला नाहीत, साहेब. दौऱ्यावर होतात. दुसऱ्या दिवशी मीटिंग. तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, अलमेलु, कमलाक्षी आणि सांबशिवराव तुमच्या खोलीत उभे होते. बसा म्हणाला नाहीत, ते असू द्या. टेबलावर काच होती, काचेखाली देवांचे फोटो.

"अम्मा," तुम्ही अलमेलुला म्हणालात, "तुमचा मुलगा वाचला, आरोपी सापडला. आता अजून काय पाहिजे? केस कोर्टात जाईल. तिथं बोला."

"मुठीवर डाग आहे तो रक्ताचा नाही. माझ्या हातून सांडलेलं कुंकू आहे."

"लॅबचा रिपोर्ट येईल."

"कधी?"

"येईल तेव्हा येईल."

अलमेलुनं कापडी पिशवीतून कमलाक्षीचा पितळी करंडा काढला, उघडला आणि तुमच्या काचेवर ठेवला. तुम्ही फाईल झटकन मागं ओढलीत. कागदाला कुंकू लागेल म्हणून. ती म्हणाली, "हे घ्या. ह्यातलंच आहे. तुमच्या लॅबला पाठवा. आणि रिपोर्ट येईस्तोवर सांगा, हे पोर आत असताना माझ्या राजगोपालला मारणारा कुठं आहे? परवा माझा मुलगा घरी येणार. त्याच टॉकीजवर जाणार. त्याच स्टँडवर सायकल लावणार. त्याच्या पाठीमागं कोण उभं असेल ते मला सांगा."

तुम्ही पंख्याकडं पाहिलंत. मग सांबशिवरावांकडं वळलात, थोडं गोडीनं. "मास्टर, तुम्ही आमचे जुने माणूस. तुम्ही तरी समजावा यांना. बापाचं मन मी समजू शकतो, पण सुरी त्या रात्री पूजेत होती याला पुरावा काय? बायकांचं बोलणं?"

सांबशिवराव आजवर तुमच्यापुढं हात बांधूनच उभे राहिले होते. त्या दिवशी त्यांनी हात सोडले.

"तुमच्या ठाण्याची डायरी, सार. यंदाची मीच बांधली. मेणाचा दोरा, हिरवा पुठ्ठा, पानांवर छापील आकडे, आणि शिवण अशी की मधलं पान काढलं तर समोरचं आपोआप सुटतं. एसआय साडेआठला माझ्या दारात आले, सुरी पूजेत पाहिली आणि पोराला घेऊन गेले; मग पोरानं ती कालव्यावर टाकली कधी? ठाण्यातून निघाले आणि परत गेले ते त्यात लिहावंच लागतं. मी पंचवीस वर्षांत तुमचं एक पान वाचलं नाही. ते एक मला वाचून दाखवा."

तुम्ही घंटी वाजवलीत. शिपाई आला. त्यानं तिघांना बाहेर बाकावर बसवलं आणि दार लावून घेतलं.

मुरली अजून आत आहे. त्याच्या भेटीला जाताना कमलाक्षी मराठीतच बोलते आणि तो आता मराठीतच उत्तर देतो, कारण मधे उभ्या शिपायाला तेवढंच कळत नाही. कालच्या भेटीत त्यानं एकच विचारलं, "अप्पांनी सुरी पुसली ते खरं का?" आणि तिनं खरं सांगितलं. तो म्हणाला, "अप्पांना सांग, मी रागावलो नाही."

तिघं आजही तुमच्या दाराबाहेरच्या बाकावर आहेत. करंडा अलमेलुच्या मांडीवर आहे, झाकण घट्ट लावलेलं. साहेब, हिरव्या पुठ्ठ्याची ती डायरी तुमच्याच इमारतीत आहे, दोन जिने उतरलात की हाताला लागेल. सरस्वतीपूजेचं पान उघडा. साडेआठ वाजताची ओळ वाचा. त्या ओळीत काय लिहिलंय? आणि काही लिहिलं नसेल, तर ते का लिहिलं नाही? दार उघडा आणि उत्तर द्या.